बीबनखालाची पिशवी

"ये तुमारी खाला उल्टे हात से कायकू खारी गे?"

आमचं पहिलं उर्दू चित्र मोठ्या कौतुकानं अम्मांना दाखवलं, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं. विनोद कळला का, अक्षर नीट दिसतं का, याबद्दल एक शब्द नाही. चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला आणि मोबाइल आमच्या हातात परत दिला. आम्ही बघतो तर खरंच. मराठीत उजव्या हातानं बिर्याणी खाणारी बीबनखाला उर्दूत आली आणि डावखुरी झाली होती. मुसलमानाच्या घरातली, तीही म्हातारी, आणि दस्तरख्वानावर डाव्या हातानं घास घेतेय!

आम्ही म्हणजे दोन जावा. मिरजेत एका घरात, एका चुलीवर राहतो. थोरली उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, बी.एड. करून वीस वर्षं होत आली. धाकटीचं बारावी होताच लग्न झालं, पण हात असा की मोहल्ल्यात कुणाचंही लग्न निघालं की मेंदीसाठी आधी तिला निरोप येतो. थोरली शब्द लिहिते, धाकटी चित्र काढते, दोघींचं भांडण झालं की त्या आठवड्यात काहीच होत नाही. मोबाइलवर वाचायच्या चार चौकटींच्या चित्रकथा आम्ही गेली काही वर्षं करतो. याला वेबकॉमिक म्हणतात, हे आम्हाला सुरू केल्यावर वर्षभरानं कळलं.

सुरुवात 2020 च्या टाळेबंदीत झाली. शाळा मोबाइलवर भरत होती. थोरलीच्या पाचवीच्या वर्गात अठ्ठेचाळीस मुलं, त्यातल्या निम्म्यांच्या घरी एकच फोन, तो अब्बांबरोबर कामावर गेलेला. रात्री फोन घरी आला की मुलं धडा बघणार. लांबलचक लिहिलेलं कोण वाचतो? म्हणून धाकटीनं वहीच्या पानावर काळ्या पेननं चित्रं काढून दिली. 'वर-खाली', 'आत-बाहेर', 'महाग-स्वस्त'. महाग-स्वस्तसाठी तिनं भाजीवाल्याशी हुज्जत घालणारी एक जाडसर म्हातारी काढली. मुलांनी दुसऱ्या दिवशी विरुद्धार्थी शब्द लिहून पाठवले की नाही ते सोडा, पण सगळ्यांनी एकच विचारलं, "टीचर, वो खाला फिर कब आएगी?" तीच पुढे बीबनखाला झाली.

चित्रांनी मुलं शिकतात हे काही आम्ही शोधून काढलेलं नाही. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांत शि. द. फडणीसांनी चित्रं काढली होती, आणि त्यांची कित्येक हास्यचित्रं तर एकही शब्द नसलेली. थोरलीच्या माहेरी दिल्लीहून येणाऱ्या 'खिलौना' या मुलांच्या उर्दू मासिकाचे जुने अंक बांधून ठेवलेले होते. दुपारी सगळे झोपले की ते उघडायचे, हा तिचा लहानपणीचा उद्योग. पण बघणं वेगळं आणि दर जुम्याला चार चौकटी काढून लोकांपुढं ठेवणं वेगळं.

पहिली अडचण घरातूनच आली, आणि ती लहान नव्हती. अम्मांना सजीवांचे चेहरे काढणं पटत नव्हतं. त्या भांडल्या नाहीत. पण ज्या खोलीत धाकटी चित्र काढत बसे तिथं त्या नमाजेला उभ्या राहीनात. आधी त्यांची जानमाज तिथंच अंथरलेली असायची. आम्ही मोहल्ल्यातल्या मौलानांना विचारायला गेलो. चित्रांबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत, कोण कशाला मनाई करतं आणि कोण कशाला मुभा देतं, हे त्यांनी दोन्ही बाजूंनी शांतपणे समजावलं आणि निर्णय आमच्यावर टाकला. वाटेत दोघी गप्प. घरी आल्यावर धाकटी म्हणाली, "डोळे-नाक-तोंड काढलंच नाही तर?"

तेव्हापासून आमच्या माणसांना चेहरा नाही. दुपट्ट्याच्या आत नुसती मोकळी जागा. राग आला तर खांदे वर जातात, लाज वाटली तर दुपट्ट्याचं टोक बोटाभोवती गुंडाळलं जातं, आणि हात मात्र असे बोलके की विचारू नका. मेंदी काढणारीला हाताची प्रत्येक रेघ माहीत असते, ते इथं कामाला आलं. अम्मा दुसऱ्या आठवड्यात त्या खोलीत नमाजेला आल्या. काही बोलल्या नाहीत.

पुढे कळलं की बिनचेहऱ्याच्या माणसांवर जगात मोठमोठी कामं झालेली आहेत. रँडल मन्रो नावाचे अमेरिकन गृहस्थ 2005 पासून 'एक्सकेसीडी' ही चित्रमालिका काढतात. त्यातली माणसं म्हणजे काड्या आणि वर एक गोल, बस्स. अर्थात सगळ्यांनी तसं करावं असं नाही. अमेरिकेतच हुदा फहमी या हिजाब घालणाऱ्या लेखिका आहेत. त्या आधी शाळेत इंग्रजी शिकवत. हिजाबवरून लोक जे येडे प्रश्न विचारतात त्यावर त्यांनी 2017 च्या सुमारास इन्स्टाग्रामवर चित्रं टाकायला सुरुवात केली, 2018 मध्ये पुस्तक आलं. त्या चेहरे काढतात, छान काढतात. आपल्याकडं नागपूरचे रोहन चक्रवर्ती दंतवैद्यकीचं शिक्षण घेऊन प्राणी-पक्ष्यांच्या व्यंगचित्रांकडे वळले, 'ग्रीन ह्यूमर' हे त्यांचं काम. ही नावं आम्ही घरात मुद्दाम मोठ्यानं घेत असू. एक शिक्षिका, एक दातांचे डॉक्टर! कारण थोरल्या शोहरांचं म्हणणं असं, की हे रिकामटेकड्यांचं काम आहे.

रिकामपणाचा हिशेबच सांगतो. चार चौकटींच्या एका चित्राला आम्हाला पाच ते सहा तास लागतात. विनोद सुचायला लागणारे दिवस यात धरलेले नाहीत. धाकटीचे तास म्हणजे सकाळी डबे गेल्यावरचा एक आणि रात्री इशानंतरचे दोन. थोरलीचे तास म्हणजे पेपर तपासता तपासता डाव्या बाजूला ठेवलेला कागद. पहिले आठ महिने आम्ही दर आठवड्याला चित्र टाकलं आणि आमचे वाचक झाले दोनशे बारा. त्यात नातेवाईक किती ते मोजायची हिंमत झाली नाही.

आता त्या डाव्या हाताकडं येतो.

चित्र मराठीत केलं तर चौकटी डावीकडून उजवीकडं वाचल्या जातात. उर्दूचा वाचक उजवीकडून सुरू करतो. म्हणजे शेवटची चौकट त्याला आधी दिसते आणि विनोद सुरू होण्याआधीच संपतो. आम्ही हुशारी केली. आरशात दिसावं तसं अख्खं चित्र उलटं फिरवलं आणि फक्त शब्द उर्दूत लिहिले. चौकटी बरोबर लागल्या, पण उजवा हात डावा झाला. जपानी चित्रकथा इंग्रजीत नेताना पूर्वी असंच पान उलटं करत आणि तिथलीही माणसं डावखुरी होत, हे नंतर वाचनात आलं. तिथल्या प्रकाशकांना सांगायला आमच्या अम्मा नव्हत्या.

मग चौकटी सुट्या करून नुसती त्यांची जागा बदलून पाहिली. तेव्हा हात सरळ राहिला, पण बोलणं बिघडलं. मराठीत डावीकडचं माणूस आधी बोलतं. उर्दूत उजवीकडचं उत्तर आधी वाचलं जाई आणि प्रश्न नंतर. शेवटी उपाय सापडला तो कोरियातला. तिथं 2003-04 च्या सुमारास वरून खाली सरकत वाचायच्या चित्रकथा रुळल्या. डावं-उजवं काही नाही, चौकटीखाली चौकट. आम्हीही तसंच केलं, आणि जो आधी बोलतो त्याचा फुगा वर, उत्तर देणाऱ्याचा खाली. दोन्ही भाषा एका चित्रात मावल्या. हे एवढं कळायला चार महिने गेले.

अक्षरांचं दुखणं निराळं. मोफत मिळणाऱ्या ॲपमध्ये धाकटी चित्र रंगवायची, तिथं मराठी टाइप केलं की जोडाक्षरं फुटत, वेलांटी भलत्याच अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसे. 'खुश्की'चं काय झालं ते इथं लिहिण्यासारखं नाही. उर्दूची नस्तालीक तर वरून खाली उतरत जाते, तिला उंची लागते. दोन ओळींतच फुगा चौकटीबाहेर जाई. शेवटी थोरलीनं हातानंच लिहायला घेतलं. वीस वर्षं फळ्यावर लिहिलेलं अक्षर, ते कामाला न येऊन काय होतंय? चेन्नईचं 'द मुसलमान' हे 1927 साली सुरू झालेलं उर्दू दैनिक कातिब लोक हातानं लिहीत आले आहेत. आमच्या तर चारच चौकटी. मात्र एका चौकटीत पंधरा शब्दांवर जायचं नाही हा नियम केला. चाळिशीच्या वरच्या वाचकाला फोनवर बारीक अक्षर दिसत नाही, आणि आमचे निम्मे वाचक त्याच वयाचे.

भाषेचा मात्र गोंधळ खूप दिवस चालला. सुरुवातीला बीबनखाला अशी शुद्ध उर्दू बोले की लखनौची वाटावी. कुणी हसलं नाही. मग पुस्तकी मराठी बोलली, तेव्हाही नाही. शेवटी एका चित्रात चुकून ती आमच्या घरात बोलतात तसं बोलली, 'नक्को', 'हौ', 'कायकू', मध्येच अस्सल मराठी शिवी नसलेली शिवी. आणि लोक कळवू लागले की ही आमचीच खाला आहे. कुणी सोलापूरहून, कुणी लातूरहून. काहींनी दटावलंही. एक साहेब म्हणाले, उर्दू बिघडवता. दुसरे म्हणाले, मुसलमान असून मराठीत कशाला? दोघांनाही आम्ही उत्तर दिलं नाही. उत्तर चित्रातच द्यावं असं ठरवलं होतं.

ते चित्र असं. बीबनखाला एसटीत बसली आहे. शेजारची बाई बराच वेळ तिचं बोलणं ऐकते आणि म्हणते, "तुम्ही मुस्लिम असून मराठी किती छान बोलता हो!" खाला दुपट्टा सारखा करते. मग म्हणते, "तुमचंपण छान आहे. कुठं शिकलात?"

एवढंच. हा प्रश्न आपल्यातल्या कुणाला विचारला गेला नाही? थोरलीला तर मराठीच्या प्रशिक्षण वर्गात विचारला होता, तोही चहाच्या रांगेत, अगदी मायेनं. ते चित्र आम्ही गुरुवारी रात्री टाकलं आणि रविवारी ते थोरलीच्या शाळेच्या ग्रुपवर, धाकटीच्या माहेरच्या ग्रुपवर, दूधवाल्याच्या फोनवर, सगळीकडं आलं. फक्त आमचं नाव नव्हतं. नाव मुळात आम्ही लावतच नव्हतो, घरच्यांची तशी इच्छा होती, बायकांची नावं कशाला चव्हाट्यावर. खाली छोटंसं बांगडीचं चिन्ह असे, ते कुणीतरी कापून टाकलं होतं आणि तिथं स्वतःच्या पानाचं नाव घातलं होतं. त्या पानाला आम्ही लिहिलं. उत्तर आलं, "इंटरनेटवर आहे म्हणजे सगळ्यांचं आहे."

तसं नसतं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र काढल्याबरोबर हक्क काढणाऱ्याचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. पण त्यासाठी कोर्टाची पायरी कोण चढणार? आमचे थोरले शोहर, जे रिकामटेकड्यांचं काम म्हणत, ते मात्र त्या दिवशी इतके चिडले की जेवले नाहीत. "मेरे घर की चीज है वो," म्हणाले. तेव्हापासून बांगडी आम्ही कोपऱ्यात काढत नाही. ती खालाच्या दुपट्ट्याच्या नक्षीत असते. कापायची तर खालालाच कापावी लागेल.

त्या चित्रानं वाचक दोनशेवरून चार हजारांवर गेले. थोडी कामंही आली. एका दावतनाम्यावर चित्र काढून दिलं त्याचे दोन हजार, एका शिकवणी वर्गाच्या जाहिरातीचे दीड हजार. बाकी बहुतेकांना फुकट हवं असतं, "तुमचं नाव होईल" या बोलीवर. धाकटीनं त्या पैशातून तीन हजार दोनशेची चित्र काढायची पाटी घेतली, उरलेल्याची अम्मांना चप्पल. चित्रांनी घर चालेल असं आम्हाला कधी वाटलं नाही, अजूनही वाटत नाही.

पण चार हजार हा आकडा डोक्यात गेला हे कबूल करायला हवं. पूर्वी आठवडा चुकला तर चुकला. आता मगरिबच्या आधी फोन, नंतर फोन. किती जणांनी पाहिलं, किती जणांनी पुढं पाठवलं. पुढचं चित्रही तसंच चाललं पाहिजे. विषय सुचत नव्हता, जुमा जवळ आला होता. आणि धाकटीला फुफी आठवली.

आमच्या सासऱ्यांची बहीण. वय सत्तरीच्या पुढं, एकटी राहते. कुणाच्याही शादीत जेवण झालं की फुफी हळूच एक हिरवी कापडी पिशवी काढते, त्यात डबा, डब्यात बिर्याणी. घरातली पोरं लहानपणापासून त्यावर हसत आलेली. आम्ही बीबनखालाच्या हातात ती पिशवी दिली. पहिल्या चौकटीत दावतीला एक पिशवी, दुसरीत दोन, तिसरीत खालामागं रांगेनं पातेली उचलून चाललेली पोरं, चौथीत नवरदेव विचारतो, "खाला, दुल्हन तो छोड़ के जाओ!" थोरलीनं शब्द लिहिले आणि स्वतःच हसली. चेहरा नव्हता, नाव नव्हतं. आम्हाला वाटलं, कुणाला काय कळणार.

ते चित्र एसटीपेक्षा जास्त चाललं.

फुफीकडं स्मार्टफोन नाही. तिच्या शेजारच्या पोरानं दाखवलं. चेहऱ्याची गरजच पडली नाही. हिरवी पिशवी, पदर दोन बोटांत धरायची पद्धत, चालताना उजवीकडं झुकलेला खांदा. धाकटी हातच असे काढते की माणूस लपत नाही. त्या रमजानमध्ये फुफी एकदाही इफ्तारला आली नाही. ईदला आली नाही. अम्मांनी शीरखुर्मा पाठवला तो भांडं रिकामं करून परत आला, सोबत काही नाही. आमच्याकडं भांडं रिकामं परत करायची रीत नाही, साखर तरी घालतात.

कारण कळलं ते ईदनंतर, फुफीच्या गल्लीतल्या एका बाईकडून, तेही सहज बोलता बोलता. फुफीच्या खालच्या खोलीत एक विधवा म्हातारी अंथरुणाला खिळलेली आहे. तिला मऊ शिजलेलं मटण आवडतं. पिशवी तिच्यासाठी असायची. किती वर्षं? "हमेशा से," बाई म्हणाली.

चित्र आम्ही त्याच रात्री काढून टाकलं. म्हणजे आमच्या पानावरून. बाहेर ते फिरत होतंच आणि फिरतंय. यंदाही लग्नसराईत आमच्याच खानदानाच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं, खाली हसणारी तोंडं. कॉमिक्सवर 1993 साली पुस्तक लिहिणारे स्कॉट मॅक्क्लाउड म्हणतात की दोन चौकटींमधल्या कोऱ्या जागेत जे घडतं ते वाचक स्वतःच्या मनानं भरतो. धाकटीला हे वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, आपल्या चित्रात ती म्हातारी त्या कोऱ्या जागेत होती, आणि आपण बघितलीच नाही. त्यानंतर दीड महिना आम्ही काही काढलं नाही. वाचक आले तसे गेले, त्याचं फारसं वाईट वाटलं नाही, थोडं वाटलं.

फुफीकडं जायला आम्हाला धीर होत नव्हता. अम्मांनी नेलं. फुफीनं चहा केला, बिस्किटं ठेवली, पोरांची विचारपूस केली. आम्ही माफी मागितली तेव्हा ती कपबशी उचलत होती.

"माफ करी मैं," ती म्हणाली. "मगर अब थैली लेको जाती नै मैं शादी में. लोगां हंसते."

गेल्या महिन्यात नात्यातलं एक लग्न होतं. जेवणं आटोपल्यावर आम्ही दोघींनी डबा काढला. पिशवी मुद्दाम हिरवीच घेतली होती. वाढणारा पोरगा आमच्या ओळखीचा. त्यानं डावाच्या टोकानं आमच्याकडं दाखवत हाक दिली, "अरे, बीबनखाला आई!" आणि आसपासची पाच-सहा माणसं हसली. एकानं फोन वर केला. आमचे कान तापले. धाकटीनं झाकण लावलं, थोरलीनं पिशवीचे बंद आवळले, आणि तिथून सरळ रिक्षानं फुफीच्या गल्लीत गेलो.

फुफीनं दारातच झाकण उघडून बघितलं.

"बोटियां कम हैं," ती म्हणाली. "वाढनेवाले को बोलना पड़ता, नल्ली डालो करके. चलो, नीचे, ठंडा होने के पहले."